कुकरची शिटी, यूपीआयचा पिन आणि प्रभूचं वचन: रोजच्या यंत्रांतून बोध कसा शोधावा

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मी मोबाइलच्या नकाशावर बोध दिला होता. वीस हजार किलोमीटर उंचावरून उपग्रह जसा आपल्याला पाहतो तसा देव आपल्याला पाहतो, असा मुद्दा आणि जोडीला पवित्र शास्त्रातलं स्तोत्र १३९. बोध चांगला रंगला असं मला वाटलं. चहाच्या वेळी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "दादा, जीपीएसचा उपग्रह कुणाला पाहत नसतो. तो नुसता सिग्नल सोडतो. आपण कुठे आहोत ते त्याला ठाऊकच नसतं." मी "हो का" म्हणून चहा संपवला, पण घरी पोचेपर्यंत कान गरम होते. वीस जणांसमोर मी देवाला अशा वस्तूच्या रांगेत बसवलं होतं, जिला माझा पत्ताच नव्हता.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आणि बोध तयार करण्याची पद्धत बदलली. कुटुंब उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, घरोघरच्या प्रार्थना सभा अशा ठिकाणी ज्यांना पाच-दहा मिनिटं बोलावं लागतं, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे मांडतो. पाळकसाहेबांच्या रविवारच्या संदेशाला हा पर्याय नाही. आपल्यासारख्या साध्या माणसांच्या उपयोगाची गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, शास्त्र असताना मोबाइल कशाला मध्ये? प्रभू येशू स्वतः सुतार होता. मार्क ६:३ मध्ये गावकरी त्याला त्याच नावाने ओळखतात. त्याचे दृष्टान्त आणि वचनं चाळून पाहा: नांगर, जू, जाळं, जात्याची तळी, दिवा आणि दिवठणी, द्राक्षारसाचे बुधले. ही त्या काळची अवजारंच. पण एक गोष्ट नीट बघा. मत्तय १३:३३ मधला खमिराचा दृष्टान्त एका वचनात संपतो. एका बाईने तीन मापं पिठात खमीर लपवलं आणि सगळं पीठ फुगलं. तो एवढ्यात सांगून होतो, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने घरी पीठ फुगताना पाहिलं होतं. सांगणाऱ्यालाही ते माहीत होतं. आपली अडचण अशी की आपण मोबाइल दिवसभर हातात धरतो, पण तो आतून कसा चालतो ते आपल्याला माहीत नसतं.

पहिली पायरी: वस्तू शोधू नका, अडखळ शोधा

"या रविवारी वायफायवर काहीतरी बोलू" असं ठरवून बसलात की हमखास शिळा बोध निघतो. "देव म्हणजे वायफाय, प्रार्थना म्हणजे पासवर्ड" हे मी निदान सात वेळा ऐकलंय, आणि सातही वेळा ऐकणारे खिडकीबाहेर बघत होते.

त्याऐवजी आठवडाभर फक्त एवढंच टिपून ठेवा: कुठल्या यंत्रापाशी मी थांबलो, वैतागलो, हसलो किंवा फसलो? वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात ते यंत्र तसं का वागलं, तिसऱ्यात एकच क्रियापद. माझ्या वहीतल्या एका आठवड्याच्या पहिल्या रकान्यातल्या नोंदी अशा: "रात्रभर मोबाइल चार्जिंगला, सकाळी चार टक्के. बोर्डाचं बटण बंदच होतं." "कुकरच्या शिट्या मोजायला विसरलो, डाळ करपली." "बहिणीला भलताच मेसेज गेला. डिलीट केला, तरी तिने विचारलंच, काय होतं रे?" बोध अजून एकाही नोंदीत नाही, आणि या पायरीवर नसलेलाच बरा. घाईने वचन जोडलंत तर यंत्राकडे पाहणं तिथेच थांबतं.

दुसरी पायरी: ते खरंच कसं चालतं ते विचारून घ्या

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळली होती. प्रत्येक मंडळीत एखादा इलेक्ट्रिशियन, एखादी कॉम्प्युटर शिकवणारी ताई, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा कुणीतरी असतोच. दहा मिनिटं त्यांच्यापाशी बसा. त्यांनाही बरं वाटतं. एरवी आपण त्यांना फक्त माईक आणि प्रोजेक्टर बिघडला की हाक मारतो.

माझ्या फसलेल्या बोधाचं मग काय झालं ते सांगतो. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. आपला मोबाइल निदान चार उपग्रहांचं बोलणं एकाच वेळी ऐकतो, प्रत्येकाचा सिग्नल यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला आपल्याकडून काहीही जात नाही. (नकाशाच्या ॲपवाल्या कंपनीला आपला ठावठिकाणा कळू शकतो, पण तो इंटरनेटच्या वाटेने. उपग्रहाचा त्यात हात नाही.)

आता क्रियापद बदललं. "पाहणं" गेलं आणि "ऐकणं" आलं. मी कुठे आहे हे मला तेव्हाच कळतं, जेव्हा मी माझ्या बाहेरून, वरून येणारा आवाज ऐकतो, आणि तोही एकाच दिशेचा ऐकून भागत नाही. योहान १०:२७ मध्ये प्रभू म्हणतो की माझी मेंढरं माझी वाणी ऐकतात. बोगद्यात, बंद तळघरात नकाशावरचा निळा ठिपका भरकटतो, तेव्हा उपग्रह गप्प झालेले नसतात. मध्ये स्लॅब आलेला असतो. वर्षभराने त्याच तरुण संघात मी हा बोध पुन्हा दिला, आणि सुरुवातीलाच मागची चूक कबूल केली. तो आयटीआयवाला मुलगा समोरच बसला होता.

नीट विचारायला गेलात की न मागता आणखीही काही हाती लागतं. त्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धान्ताचा हा परिणाम. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३८. तेवढी दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात जागेचा हिशेब जवळपास दहा किलोमीटरने चुकेल. इब्री २:१ मध्ये ऐकलेल्या गोष्टींकडे अधिक लक्ष लावा, नाहीतर वाहवत जाल असा इशारा आहे. वाहवत जाणं म्हणजे काय हे मला त्या ३८ मायक्रोसेकंदांनी जितकं कळलं तितकं कुठल्या उपदेशाने कळलं नव्हतं. चूक इतकी बारीक असते की त्या घटकेला तिला चूक म्हणायलाही जीभ वळत नाही.

तिसरी पायरी: नावावरून नको, क्रियापदावरून वचन शोधा

मोबाइल, पासवर्ड, बॅटरी हे शब्द पवित्र शास्त्रात सापडणार नाहीत. पण देणं, घेणं, रोखणं, साठवणं, लपवणं, पुसणं, ऐकणं, थांबणं ही क्रियापदं पानोपानी आहेत. म्हणून तिसऱ्या रकान्यात एकच क्रियापद लिहायचं.

यूपीआय घ्या. भारतात ते २०१६ साली आलं आणि आता भाजीवाल्या मावशींच्या टोपलीलाही क्यूआर कोड चिकटलेला असतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी जुनं लोखंडी कपाट विकायला काढलं. फोनवर गिऱ्हाईक आलं, घासाघीस न करता तयार झालं आणि म्हणालं, "मावशी, कोड पाठवतो, तो स्कॅन करा, पिन टाका, लगेच पैसे जमा होतील." काकूंनी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. कपाट अजून घरातच आहे.

यातला नियम सगळ्यांनी पाठ करावा असा आहे, बोधासाठी नाही तर पैसे वाचावेत म्हणून: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला.

क्रियापद: घेणं. यशया ५५:१ मध्ये ज्यांच्याजवळ पैका नाही त्यांनाच बोलावलंय, या, पैशावाचून घ्या. इफिसकरांस पत्र २:८-९ मध्ये तारण कृपेने आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये. म्हणजे घेणाऱ्याकडे पिन मागितलेला नाही. मग "आधी एवढी रक्कम पेरा, मग आशीर्वाद येईल" असं कुणी सांगू लागलं की काकूंचं कपाट आठवायचं. देण्याच्या नावाखाली जो पिन मागतो तो देणारा नसतो. उलट बाजूने हेच प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये घडतं. शिमोन जादूगार पवित्र आत्म्याच्या दानासाठी पैसे पुढे करतो आणि पेत्र त्याला इतका खडसावतो की वाचताना आपणच दचकतो.

या बोधात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट मात्र मागाहून सापडली. तुमच्या मोबाइलवर "जमा" असा मेसेज येतो, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर "वजा" असा मेसेज गेलेला असतो. फुकट मिळालेली रक्कम फुकट तयार झालेली नसते. १ पेत्र १:१८-१९ वाचा: सोन्यारुप्याने नव्हे, ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने. प्रार्थना सभेत मी इथे थांबलो आणि पुढे काही बोललो नाही. बोलायची गरजही पडली नाही.

चौथी पायरी: वचन सापडलं की अख्खा उतारा वाचा

एक ओळ उचलून यंत्राला चिकटवणं फार सोपं आहे, आणि आता तर एआयला विचारलं की पाच सेकंदांत दहा वचनं मिळतात. त्यातलं एखादं वचन त्या अध्यायात नसतंच, असा अनुभव मला दोनदा आलाय. कुणीही सुचवलेलं वचन असो, पुस्तक हातात घेऊन मागचापुढचा भाग वाचा.

शक्य असेल तर दोन भाषांतरांत वाचा. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र बहुतेक घरांत असतं. जोडीला पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर जरूर पाहा. साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी या कामाला दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. दोन भाषांतरांतला एखादा शब्द वेगळा निघाला की आपण आपोआप थांबतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

अख्खा उतारा वाचल्याने बोध कसा पालटतो याचं पूर्ण उदाहरण शेवटी देतो. आधी सगळ्यात अवघड पायरी.

पाचवी पायरी: उपमा कुठे तुटते ते शोधा, आणि तेही सांगा

कुठलंही यंत्र देवासारखं पूर्णपणे नसतं. उपमा कुठेतरी तुटतेच. बहुतेक जण ती तुटायच्या आधी बोलणं संपवतात. माझा अनुभव असा की ती जिथे तुटते तिथेच अनेकदा बोध असतो.

पहिलं उदाहरण चार्जिंगचं. "रविवारची उपासना म्हणजे चार्जिंग. आठवडाभर बॅटरी उतरते, रविवारी येऊन पुन्हा भरून घ्यायची." हे वाक्य इतकं रुळलंय की मीही कित्येक वर्षं म्हणत होतो. आता योहान १५ काढा. प्रभू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात. फाट्याजवळ साठा नसतो. वेलापासून तोडून आणलेला द्राक्षाचा फाटा घरी फुलदाणीत ठेवला आणि म्हटलं, रविवारी परत नेऊन जोडू, तर काय होईल हे नाशिककडच्या बागायतदाराला विचारा. म्हणजे बॅटरीची उपमा नुसती अपुरी नाही, शास्त्राच्या उलट दिशेला जाते. ती मला शिकवते की सहा दिवस मी माझ्या साठ्यावर चालू शकतो. या उताऱ्याला जवळचं यंत्र हवं असेल तर घरातली ट्यूबलाइट घ्या. लाइट गेली की ती त्याच क्षणी जाते. काल रात्रभर जळली होती म्हणून आज दोन मिनिटं जास्त जळत नाही.

दुसरं उदाहरण डिलीटचं. "देवाने तुमची पापं डिलीट केली" असं म्हणतात. आता कॉम्प्युटरमध्ये डिलीट केल्यावर काय होतं ते विचारून घ्या. बहुतेक वेळा फाइल आधी कचरापेटीत जाते. तिथून काढली तरी पुष्कळदा फक्त यादीतलं तिचं नाव खोडलं जातं, आणि मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून राहतो. म्हणून तर पुसलेले फोटो परत काढून देणारी दुकानं चालतात. व्हॉट्सॲपवर "सगळ्यांसाठी डिलीट" केलं तर मेसेज जातो, पण त्याच्या जागी एक करडी ओळ उरते की इथला मेसेज डिलीट केलाय. माझ्या बहिणीने विचारलं ते त्या ओळीमुळे.

ही करडी ओळ कुणाची? आपली. आपण माणसं अशीच क्षमा करतो. "जाऊ दे, विसरले मी," असं जाऊबाई म्हणतात, आणि दिवाळीत, बारशात, जमिनीच्या वाटणीत ती ओळ दिसत राहते: इथे काहीतरी होतं, मी पुसलंय बरं का. आता मीखा ७:१९ वाचा. तिथे पापं समुद्राच्या तळाशी टाकली आहेत. स्तोत्र १०३:१२ मध्ये पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितकं अंतर. यिर्मया ३१:३४ मध्ये देव म्हणतो की मी त्यांचं पाप यापुढे आठवणार नाही. डिलीटच्या बटणाला यातलं काहीच जमत नाही. महिला मंडळात हा बोध दिला तेव्हा देवाची क्षमा मला फारशी समजावावी लागली नाही. करडी ओळ सगळ्यांनी ओळखली.

तिसरं उदाहरण लहान मुलांचं, आणि इथे जरा कडक बोलतो. "देव म्हणजे वरचा सीसीटीव्ही, तो सगळं बघतोय" हे संडे स्कूलमध्ये कृपया सांगू नका. आमच्याकडे एका बाईंनी सांगितलं, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने विचारलं, "मग देव रेकॉर्डिंग कुणाला दाखवतो?" सगळे हसले. मुलगी हसली नाही. कॅमेरा चोर पकडायला लावतात. त्याला दया येत नाही, पडलेल्याला तो उचलत नाही. पवित्र शास्त्रात "पाहणारा देव" हे नाव कुणी दिलं? उत्पत्ती १६ मधल्या हागारने. घरात जाच झाला म्हणून पोटात मूल असताना पळालेली, रानात झऱ्यापाशी बसलेली मिसरी दासी. तिला देवाचा दूत नावाने हाक मारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस असं विचारतो, आणि त्यानंतर ती देवाला ते नाव देते. मुलांना सीसीटीव्ही दाखवायचाच असेल तर प्रश्न असा विचारा: हा कॅमेरा हागारशी बोलला असता का?

कुकरची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जातो. आत दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी जादा वाफ सोडते. तिचं भोक कशाने बुजलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणजे दाब वाईट नाही, वाट बंद होणं वाईट. स्तोत्र १३ हा अशा वाफेचाच आवाज आहे, परमेश्वरा, किती वेळ? ख्रिस्ती माणसाने कुरकुर करू नये असं मानून ज्या बायका वर्षानुवर्षं गप्प राहतात, त्यांना हे स्तोत्र मोठ्याने वाचायला द्या. उपमा तुटते ती पाचव्या-सहाव्या वचनापाशी: शिटी झाल्यावर कुकर नुसता थंड होतो, स्तोत्रकर्ता गाऊ लागतो.

सहावी पायरी: आधी स्वतःवर चालवून बघा

बोध दुसऱ्यांना सांगण्याआधी निदान दोन दिवस स्वतःजवळ ठेवा. यासाठी एक खेळ सुचवतो. मोबाइलवर मराठी कीबोर्ड उघडा, "मी" एवढं टाइप करा, आणि मग काही न लिहिता वर सुचवलेल्या शब्दांतला मधला शब्द दहा वेळा दाबत जा. कीबोर्ड तुमच्याच रोजच्या टायपिंगवरून शिकत असतो, म्हणून तो सहसा तुमचंच एखादं वाक्य तुम्हाला ऐकवतो. माझं वाक्य निघालं: "मी आता मीटिंगमध्ये आहे नंतर फोन करतो". हे मी सगळ्यात जास्त कुणाला लिहिलं होतं ते बघितलं. आईला.

मत्तय १२:३४ मध्ये प्रभू म्हणतो की अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडातून निघतं. कीबोर्ड याचा नमुना आहे. तरुणांना हा खेळ फार आवडतो; फक्त कुणालाही निघालेलं वाक्य मोठ्याने वाचायला लावू नका. उपमा तुटते ती अशी: सेटिंगमध्ये जाऊन शिकलेले शब्द पुसता येतात आणि कीबोर्ड पुन्हा कोरा होतो. स्तोत्र ५१:१० मध्ये दावीद कोरं हृदय मागत नाही. माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर असं म्हणतो, आणि तिथलं हिब्रू क्रियापद उत्पत्तीच्या पहिल्या वचनातलंच आहे. आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्यानेच करायचं काम आहे ते.

बोध लिहून झाला की शेवटी एक ओळ लिहा: या आठवड्यात मी काय करणार. कीबोर्डच्या बोधाखाली माझी ओळ होती, "रोज साडेसातला आईला फोन". ती पाळेपर्यंत मी हा बोध कुठे दिला नाही. त्यात तीन आठवडे गेले.

सातवी पायरी: सांगताना

आपल्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे. कीर्तनाचा साचा या कामाला फार सोयीचा. पूर्वरंगात विषय, उत्तररंगात आख्यान. मी तो उलटा करतो. आधी वस्तूची गोष्ट, मग वचन. दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला नाथान संदेष्टा आधी कोकराची गोष्ट सांगतो. तो मनुष्य तूच आहेस हे मागाहून येतं (२ शमुवेल १२). क्रम उलटा असता तर दावीदाने बहुधा ऐकून घेतलं नसतं.

वस्तू हातात धरून दाखवा. कुकरची शिटी, चार्जर, सिमकार्डाचा तुकडा, काहीही. वेळ पाच ते सात मिनिटं. यंत्राची माहिती दोन मिनिटांच्या वर गेली की तो विज्ञानाचा तास होतो. एका वेळी एकच यंत्र, एकच क्रियापद, एकच उतारा.

म्हाताऱ्या माणसांना मोबाइल येत नाही यावर विनोद करू नका. आमच्या सभेत एक आजी श्रवणयंत्र लावतात. एकदा त्या म्हणाल्या, "यात माणसाचा आवाज मोठा होतो, पण भांड्यांचाही होतो. कुणाकडे लक्ष द्यायचं ते मशीन सांगत नाही, मलाच ठरवावं लागतं." माझ्या वहीत इतकी चांगली नोंद दुसरी नाही, आणि ती माझी नाही.

भाषा घरची ठेवा. गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली रोमला पत्र लिहून छपाईसाठी मराठी अक्षरांचे खिळे पाडायची परवानगी मागितली होती. ते काही जमलं नाही, आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. मराठी ओव्या, अक्षरं परकी. चारशे वर्षांनी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मे लोक अजूनही मराठी इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, आणि आता तर खिळे प्रत्येकाच्या खिशात आहेत. बोधाचं वचन ग्रुपवर टाकाल तेव्हा देवनागरीत टाका, एवढी विनंती.

एक बोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत

अडखळ: मोबाइल महिनाभर रोज विचारत होता, अपडेट आता करायचं की नंतर? मी रोज "नंतर" दाबत होतो.

यंत्र कसं चालतं: दुकानवाल्या भावाला विचारलं. तो म्हणाला, अपडेटमध्ये नवीन सोयी असतात, पण बऱ्याचदा मुख्य गोष्ट असते ती सुरक्षेतली भोकं बुजवणं. ती भोकं आपल्याला दिसत नाहीत, मोबाइल छान चालू असतो. आणि ते लागू व्हायला मोबाइल काही वेळ बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा लागतो, म्हणून लोक टाळतात.

क्रियापद: पुढे ढकलणं.

वचन: प्रेषितांची कृत्ये २४:२५. राज्यपाल फेलिक्स आपली बायको द्रुसिल्ला हिच्यासोबत कैदेत असलेल्या प्रेषित पौलाचं बोलणं ऐकतो. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांवर बोलू लागल्यावर फेलिक्स घाबरतो आणि म्हणतो, आता जा, सवड मिळाली की बोलावीन. "नंतर"चं बटण.

इथेच थांबलो असतो तर बोध झाला असता: उशीर करू नका. पण पुढची दोन वचनं वाचा. फेलिक्सने पौलाला खरंच बोलावलं, पुष्कळदा बोलावलं, त्याच्याशी बोलला. लाच मिळेल अशी आशा होती. दोन वर्षांनी त्याच्या जागी फेस्त आला, आणि यहूद्यांची मर्जी राखायला फेलिक्स पौलाला कैदेतच ठेवून गेला. म्हणजे त्याने ऐकणं पुढे ढकललंच नव्हतं, ऐकणं तर दोन वर्षं चालू होतं. त्याने पुढे ढकललं ते बंद होऊन पुन्हा सुरू होणं. दर रविवारी येऊन पुढच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हे वचन पहिल्यापेक्षा जड आहे.

उपमा कुठे तुटते: अपडेट एकदा केलं की काही महिने निवांत. पश्चात्तापाचं तसं नाही. आणि अपडेट मोबाइल स्वतःच रात्री करून टाकेल अशी सोय सेटिंगमध्ये आहे. इथे तसली सोय नाही.

माझी ओळ: ज्या भावाशी दीड वर्ष बोललो नाही त्याच्या घरी शनिवारी जाणार.

शनिवारी गेलो. रविवारी संध्याकाळी तरुण संघात हा बोध दिला. तिघांनी सभेतच मोबाइल काढून राहिलेलं अपडेट लावलं. त्यातल्या एकाचा मोबाइल जुना होता, तो दीड तास सुरूच होईना. रात्री दहाला त्याच्या आईचा मला फोन आला: पोरगा फोन उचलत नाही, सभा अजून चालू आहे का?